आधीचा आकडा

"ही अक्का नाही."

"हीच अक्का आहे. आजवर होती ती नव्हती."

"माझ्या बहिणीचा आवाज आता तुम्ही मला शिकवणार?"

"मी कुठं शिकवतोय? टेपमध्येच आहे सगळं. मागे विजेची घूं ऐकू येते, ती मोजली..."

"मोजली. आलं का मोजणं? मोजल्याशिवाय या माणसाला सख्खी मेहुणी ओळखता येत नाही."

"अगं, मी तिला आयुष्यात एकदा भेटलो. आपल्या लग्नात."

"तेच म्हणते मी. एकदा भेटलेल्या माणसानं इतक्या दुरुस्त्या करू नयेत."

इस्त्री तापली होती. टेबलावर निळा शर्ट दोन्ही हात पसरून पालथा पडला होता, आणि बाईंनी इस्त्री अशी धरली होती की आता ती शर्टावर उतरते की नवऱ्यावर, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. ओट्याच्या वरच्या फळीवर पितळी डब्यांच्या शेजारी एक छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यात कॅसेट अजून फिरत होती. एक बाई गात होती. सावकाश, जाडसर आवाजात, जसं काही तिला कुठं जायचंच नव्हतं.

"बंद करा ते."

तपासनिसांनी बंद केलं.

रविवारची सकाळ, साडेदहा. गेली अठ्ठावीस वर्षं या घरात रविवारी सकाळी इस्त्री होते आणि इस्त्री करताना ही एकच कॅसेट लागते. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत सहा शर्ट होतात. अक्का गेली तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती, आणि मागे आवाज म्हणून काय राहिलं तर ही कॅसेट. बाईंनी स्वतः, लग्नाआधी, माहेरच्या मागच्या खोलीत बसून भरलेली. अक्का धाकटीची वेणी घालत होती आणि वेणी घालताना म्हणायचं तिनंच रचलेलं गाणं म्हणत होती.

"एक पेड सरळ गं, दुसरा पेड अवघड,
तिसरा माझ्या हातात, नको करू गडबड."

पुढं दोन कडवी, मग अक्का अडते, "बंद कर गं, विसरले" म्हणते, धाकटी हसते, आणि खट्. मग दुसरी गाणी, गप्पा, भांड्यांचे आवाज. आज तिसऱ्या शर्टाला बाई थांबल्या होत्या. पहिल्या दोन शर्टांना त्यांना वाटलं, आपल्याच कानांत काहीतरी आहे.

"आणि ते हसणं?" त्या म्हणाल्या. "ते माझं आहे. मी अशी हसायचे? म्हशीसारखी?"

"हसणं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणतात."

"म्हणजे वेग बरोबर आहे. हे बघ, ज्या यंत्रावर तू भरलंस ना, ते हळू चालत होतं. हळू भरलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की आवाज चढतो, बारीक होतो. त्यात हे आपलं खोकं मुळातच पळायचं. म्हणजे चुकीवर चूक. तू अठ्ठावीस वर्षं तिला धावताना ऐकलीस."

"मग धावू दे. तिचं तिला."

"अक्काची पोर येणार आहे आज. पहिल्यांदा आईचा आवाज ऐकणार. तिनं खरा ऐकू नये?"

बाईंनी इस्त्री उभी ठेवली. इथं त्यांचा आवाज खाली आला, आणि तपासनिसांना तो वरच्यापेक्षा जास्त घाबरवणारा वाटला.

"चार वाजता येणार आहे ती. चारच्या आत माझी अक्का होती तशी परत करा. वेगाचा स्क्रू फिरवलात ना? उलटा फिरवा. जिथं होता तिथं न्या."

"हो. त्यात काय." तपासनिसांनी खिशातली वही काढली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग मागं आले. "बुधवारी केलं मी हे. तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा."

"मग?"

वहीत दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. 'नंतर'खाली सुबक अक्षरात पन्नास, आणि दशांशापुढं एक शून्य. 'आधी'खाली काहीच नव्हतं.

"अहो, मग?"

तपासनीस वहीकडे बघत राहिले.

आता हे दोन रकाने म्हणजे काय, ते सांगायला हवं.

हे गृहस्थ वजनमापांचे तपासनीस. इमारतीत त्यांना नावानं कुणीच हाक मारत नाही. ते तपासनीस, म्हणून त्या तपासनीणबाई. तेहेतीस वर्षं ते मखमली पेटीत पितळी वजनं घेऊन गावभर हिंडतायत. दुकानांतले काटे, लाकडाच्या वखारी, गोदामाबाहेरचे ट्रक तोलायचे भलेमोठे काटे. वजनाला उघडा हात लावायचा नाही, बोटाचा घामसुद्धा तोलात येतो. काटा किती चुकतो ते आधी लिहायचं, मग दुरुस्ती, मग नंतरचा आकडा, मग शिशाचं सील. हाताखालच्या कुणी पहिला रकाना रिकामा ठेवला तर तपासनीस ओरडत नाहीत. ते बाळांची गोष्ट सांगतात. कचेरीत ती सगळ्यांना पाठ आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ते एका प्रसूतीच्या वॉर्डात काटा तपासायला गेले. काटा ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यांनी नीट केला, सील मारलं, घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मुख्य नर्सचा फोन. "साहेब, तुम्ही आमची सगळी बाळं एका रात्रीत वाळवलीत. एक आई सकाळपासून रडतेय, माझं दूध पुरत नाही म्हणून." तपासनीस वही घेऊन धावत गेले. त्यांनी आधीचा आकडा लिहिला होता. नर्सनं प्रत्येक बाळाच्या तक्त्यावरून ऐंशी वजा केले, आणि बाळं होती तेवढीच निघाली. "आधीचा आकडा नसता," तपासनीस सांगतात, "तर ती बाई आजही रडत असती." गोष्टीत दर वर्षी थोडी भर पडते. पण त्या दिवसापासून त्यांनी पहिला रकाना कधी रिकामा सोडला नाही.

कचेरीत.

"लिहिला नाही," ते म्हणाले.

"काय?"

"आधीचा आकडा. मीटर लावलं. विजेची घूं सेकंदाला पन्नासची असते, टेपमधली तिथं येईपर्यंत स्क्रू फिरवला. आधी कुठं होता... पाहिला असेल. लिहिला नाही."

"तुम्ही?"

"चुकीचाच तर होता तो. चुकीच्या जागेला खूण कशाला करायची, असं वाटलं असेल."

बाई हसल्या नाहीत, हे वाईट लक्षण होतं. एरवी त्यांना यावर हसायला वर्ष पुरलं असतं.

"ती बाळांची गोष्ट," त्या म्हणाल्या, "उद्या कचेरीत सांगाल तेव्हा माझीही सांगा."

तपासनीस हॉलमध्ये गेले. परत आले. पुन्हा गेले. त्यांना एका जागी बसून विचार करता येत नाही. बसून ते फक्त ऐकतात, आणि तेही फार वेळ नाही.

हॉल त्यांचा आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे, म्हणजे बाईंना. दोन स्पीकर दगडी लाद्यांवर उभे आहेत. सोफा आवाज गिळतो म्हणून झोपायच्या खोलीत हद्दपार झाला. पाहुणे स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर बसतात. हॉलच्या मधोमध एकच खुर्ची, आणि तिच्या चार पायांखाली फरशीवर पांढऱ्या रंगाचे चार ठिपके. केर काढताना खुर्ची हलली तर ती पुन्हा ठिपक्यांवर ठेवायची. खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर एक बारका मायक्रोफोन टांगलेला, त्याची वायर मीटरला. तपासनीस चाळीस सेकंद ऐकतात, उठतात, डाव्या स्पीकरची पेटी सुतभर वळवतात, बसतात, पुन्हा तेच चाळीस सेकंद. कधी गाणं लावतच नाहीत, नुसता एक सूर खालून वर सोडतात, जमिनीतून निघून छताला जाणारा. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई जिन्यात भेटल्या की विचारतात, "तपासनीस, तुमच्या हत्तीची तब्येत कशी आहे?"

आणि तपासनीणबाई म्हणतात, "लग्न झाल्यापासून या हॉलमध्ये मी एक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. नायिका विहिरीपाशी येते आणि हे उठतात."

"शेवट चांगलाच असणार," तपासनीस म्हणतात. "सुरुवात नीट लागली की शेवट नीटच लागतो."

तीन आठवड्यांपूर्वी मात्र दुपारी वीज गेली. हॉल मुका झाला. स्वयंपाकघरातला टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालायचा, आणि बाई काहीतरी शिवत ती कॅसेट ऐकत होत्या. तपासनीस पाणी प्यायला आले, भांडं हातात घेऊन उंबऱ्यावर टेकले आणि उठले नाहीत. दोन कडवी झाली. अक्का विसरली. धाकटी हसली. खट्. भांड्यातलं पाणी तसंच.

"छान आहे गं," ते म्हणाले.

बाईंनी सुई थांबवली. इतक्या वर्षांत या माणसानं कुठल्याही आवाजाला 'छान' म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. 'स्वच्छ' म्हणायचे, 'खालचा थोडा सैल' म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा चहा दोनदा केला.

त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. या माणसाला गोष्ट आवडली नाही तर तो तिला हात लावत नाही.

"खरंच एवढं आवडलं होतं ना तुम्हाला?" आता त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

"आवडलं म्हणूनच तर नीट केलं."

"आवडलेल्या गोष्टीपाशी नुसतं बसता येत नाही का हो माणसाला?"

तपासनीस पेचकस घेऊन आले. "बस इथं," ते म्हणाले. "आपण शोधू. तू कान दे, मी फिरवतो."

टेपरेकॉर्डर फळीवरून उतरवून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, मागचं झाकण काढलं. आत मोटारीच्या पाठीला एक भोक, भोकात मुगाच्या दाण्याएवढा स्क्रू. तपासनिसांनी डोळ्याला भिंग लावलं.

"ऐक. आता?"

"एक पेड सरळ गं..."

"नाही. अजून बसलीये."

"आता?"

"थोडं अजून. थोडं. अहो थोडं म्हटलं, उंदीर झाली ती."

"आता?"

"ही... ही बरी आहे. नाही. लावा बरं परत."

कॅसेट मागं, पुन्हा पुढं. एक पेड सरळ गं. एक पेड सरळ गं. तपासनीस आकडे लिहायला लागले होते, आता प्रत्येक वेळी लिहीत होते, पान भरून. बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि हाताची बोटं मांडीवर हलत होती, वेणी घातल्यासारखी, म्हणजे घालून घेतल्यासारखी नव्हे. अक्काची बोटं हलत असतील तशी.

"मघाची लावा. दोन वेळांपूर्वीची."

"एक्कावन्न पूर्णांक आठ."

"मला आकडा नका सांगू. आकडा सांगितला की ती जाते."

"बरं. ही घे."

"ही मघाचीच आहे?"

"तीच."

"मघाशी वेगळी वाटली होती."

साडेबारा वाजले. कुकर लावायचा राहिला. एकदा बाई म्हणाल्या, "हीच, हीच, थांबा," आणि तपासनिसांनी हात वर उचलून श्वाससुद्धा रोखला. दोन कडवी तशीच गेली. अक्का विसरली, धाकटी हसली, आणि बाईंनी मान हलवली.

"हसणं माझं आहे. पण अक्का नाही."

"असं होत नाही. दोघींचा वेग एकच असतो."

"मग मी खोटं बोलतेय?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"म्हणू नका. तोंडावर दिसतंय."

पुन्हा. मग पुन्हा. तपासनिसांना हे माहीत होतं. ते रोज हॉलमध्ये हेच करतात. एकच आवाज वीस वेळा ऐकला की कान बुजतात, मग जे ऐकाल ते बरोबर वाटतं आणि लगेच चूक वाटतं. पण त्यांच्याकडे मीटर असतं. बाईंकडे फक्त जुनी अक्का होती, आणि प्रत्येक फेरीला त्या जुन्या अक्कावर नव्या अक्काचा एक थर चढत होता.

एकच्या सुमाराला बाईंनी डोळे उघडले.

"थांबवा."

"अजून एकदा. मला वाटतं बावन्न आणि..."

"थांबवा म्हणते ना. मला आता आठवेनाशी झाली."

"काय आठवेनाशी झाली?"

"ती कशी होती ते. सकाळी आठवत होतं. इस्त्री करताना नक्की आठवत होतं, म्हणून तर मी ओरडले. आता सगळ्याच तिच्यासारख्या वाटतायत." त्या उठल्या, ओट्यापाशी गेल्या, नळ सोडला, बंद केला. "गावभर काटे नीट करत हिंडता. माझ्याच घरातला एक राहू द्यायचा होता चुकलेला."

तपासनिसांनी पेचकस खाली ठेवला. त्यांनी वहीचं पान बघितलं. एकोणीस आकडे होते. एकोणीसच्या एकोणीस 'नंतर'च्या रकान्यात.

"कान विसावले की येईल परत," ते म्हणाले. "दोन तास काही ऐकू नकोस. माझं होतं असं. चारपर्यंत येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर..." त्यांनी हॉलकडे बघितलं. "पोरीला हॉलमध्ये ऐकवू. मोठ्या यंत्रावर. तिथं मला बरोबर लावता येतं."

"म्हणजे तुमचीच अक्का."

"अगं, कुणाची तरी ऐकवायला हवी."

चार वाजायची वाट बघावी लागली नाही. पावणेतीनला बेल वाजली, आणि दार उघडायच्या आधीच बाहेरून आवाज आला, "मावशी, मी गं. लवकर आले, ड्यूटीची पाळी बदलली माझी." जाड, खाली बसलेला आवाज. अक्काची लेक आली की पहिल्यांदा आवाज घरात येतो आणि मग ती.

दोन महिन्यांपूर्वी ती बदली होऊन याच शहरात आली होती. रुग्णवाहिकेच्या मदतकेंद्रात फोन घेते. आठ तास कानाला फोन. कुणाचा बाप जिन्यावरून पडलाय, कुणाच्या बायकोला कळा सुटल्यात, आणि हिनं शांतपणे पत्ता विचारायचा. अठ्ठावीस वर्षं ती वडिलांच्या घरी, दूर वाढली. मावशीचा फोन महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक फोनला मावशी एकदा तरी म्हणायचीच, "तुझा आवाज बाई तुझ्या बापाच्या घरचा. अक्काचा कसा, चांदीच्या तारेसारखा होता." शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. हे ती स्वतःच हसत हसत सांगते. सांगताना आवाज आणखी खाली नेते, म्हणजे लोक जास्त हसतात.

"हे काय, ऑपरेशन चाललंय का?" तिनं इस्त्रीच्या टेबलावरचा उघडा टेपरेकॉर्डर बघितला. "काका, हा वाचेल ना?"

"वाचला आहे," तपासनीस म्हणाले. "तोच तर वाद आहे."

"वाद?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "बस. चहा टाकते."

"चहा नको मावशी. आधी ऐकू दे. मी बसमध्ये दोन स्टॉप आधीच उतरले नि चालत आले, बसवत नव्हतं." ती स्टुलावर टेकली, लगेच उठली. "यात आहे ना? लावू?"

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं कळ दाबली.

स्क्रू कुठंतरी मध्येच होता. विसाव्या जागी, जिचा आकडा कुणीच लिहिला नव्हता. अक्का गायली. पोरगी ऐकत राहिली, मान किंचित वाकडी, फोन ऐकावा तशी. एका कडव्यानंतर तिनंच कळ बंद केली.

"घाईत आहे ही," ती म्हणाली.

"कोण?"

"ही. म्हणजे आई. फोनवर मला पहिल्या शब्दात कळतं, घाबरलेल्या माणसाचा आवाज असा वर चढतो. ही घाबरलेली नाहीये, पण कुठंतरी निघालीये. कुणीतरी दारात उभं आहे हिच्यासाठी."

बाई गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "अक्का घाईतच असायची," त्या म्हणाल्या. "नेहमी."

"हो?"

"मला तशीच आठवते."

तपासनीस वहीचा कोपरा दुमडत होते, उघडत होते. त्यांना बोलायचं नव्हतं. पण चुकीचा काटा समोर चालू असताना गप्प बसणं त्यांना तेहेतीस वर्षांत जमलेलं नव्हतं. "हा वेग बरोबर नाही," ते म्हणाले. "मी सकाळपासून फिरवतोय. बरोबर ऐकायची असेल तर हॉलमध्ये ये."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे त्या खोलीत ती जशी गात होती तशी."

पोरीनं मावशीकडे बघितलं. मावशीनं चहाच्या आधणात साखर घातली, आणि मग पुन्हा एकदा घातली.

हॉलमध्ये तपासनिसांनी तिला खुर्चीत बसवलं. कॅसेट मोठ्या यंत्रात गेली. मीटर लागलं, घूं मोजली, बटण फिरवलं, पन्नास. दोन मिनिटांचं काम. मग ते दोन पेट्यांच्या मध्ये, भिंतीला टेकून उभे राहिले, जिथून आवाज सगळ्यात वाईट येतो. कारण खुर्ची एकच होती.

"एक पेड सरळ गं, दुसरा पेड अवघड..."

या वेळी आवाज पेट्यांतून येत नव्हता. खोलीच्या मध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर, कुणीतरी बसून गात होतं. कंगव्याचा दाता केसांतून जाताना खसखसला. बांधायची रिबीन तोंडात धरली असावी, एक शब्द तिच्या मागून आला. पोरगी हलली नाही. सकाळी तपासनिसांना जे जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं ते आता वाटेल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी चाळीस सेकंद मोजले, सवयीनं. पुढं मोजायचं विसरले.

दोन कडवी झाली आणि अक्का अडली.

"बंद कर गं, विसरले."

म्हशीसारखं एक हसणं. खट्.

बाई ओट्याचं ओलं फडकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

खुर्चीतल्या पोरीनं मान किंचित वाकडी केली. मग ती म्हणाली, "बंद कर गं, विसरले." कुणाची नक्कल करावी तशी नाही; नवीन चप्पल पायात घालून दोन पावलं टाकून बघावीत, तशी.

तपासनिसांची मान वर झाली.

"परत म्हण."

"बंद कर गं, विसरले."

मायक्रोफोन तिच्या कानाशीच होता. मीटर चालू होतं, आकडे पळत होते. तपासनिसांनी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, पण त्या क्षणी त्यांचं लक्ष दाराकडे होतं. बाईंच्या हातातलं फडकं ठिबकत होतं.

"मावशी," पोरगी वळली. "हा माझा आवाज आहे ना गं?"

बाईंनी फडकं दोन्ही हातांत धरलं.

"तू म्हणायचीस, बाबांच्या घरचा. मी तर... मी ओठ हलवायचे गं नुसते. चौथीपासून. कॉलेजातसुद्धा." ती हसायला गेली आणि तिला ते मध्येच सोडावं लागलं. "काकांच्या मीटरचं मला काही कळत नाही. तू तिथं होतीस. तुझी वेणी घालत होती ना ती? तू सांग. आई अशीच बोलायची?"

तपासनिसांनी भिंत सोडली.

"हे बघ," ते म्हणाले, "मीटरचं काय आहे, ते चुकू शकतं. विजेचंही असतं, वरखाली होते ती. त्या काळी तर फार व्हायची. शंभरात दोन-चार इकडं तिकडं सहज. म्हणजे मावशीची अक्कासुद्धा... अगदीच नाही म्हणता येणार नाही."

हे ते बायकोकडे बघत म्हणाले. मीटर चुकू शकतं, हे वाक्य त्यांच्या तोंडून या घरानं कधी ऐकलं नव्हतं, आणि ते खोटं आहे हे खोलीतल्या दोन माणसांना पक्कं ठाऊक होतं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. लग्नात, पहिल्यांदा, बघितलं असेल तसं, किंवा आधी कधीच बघितलं नसेल तसं.

"मावशी, सांग ना," पोरगी म्हणाली. त्याच आवाजात.

बाईंनी फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. टाकताना खुर्चीला धक्का लागला आणि तिचा एक पाय ठिपक्यावरून सरकला. तपासनिसांनी तो बघितला आणि तसाच राहू दिला. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता. वास हॉलपर्यंत आला. बाई तिकडं गेल्या नाहीत. हो म्हटलं तर अठ्ठावीस वर्षांची अक्का जात होती, नाही म्हटलं तर पोरीचा आवाज. त्यांनी दाराशी जाऊन चपला घातल्या, डावी उजवीत घातली, काढली, नीट घातली.

"अगं," तपासनीस म्हणाले. "कुठं?"

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग जिन्यावर चपलांचा, सावकाश, एकेक पायरी, खालच्या मजल्यावर न थांबता आणखी खाली.